डिस्ने वर्ल्डमध्ये सहा जणांची पंगत

शनिवार

डिस्ने वर्ल्ड ऑरलँडोजवळ, आणि अटलांटा ते ऑरलँडो साधारण ४४० मैल. आय-७५ महामार्ग धरायचा आणि जॉर्जिया संपेपर्यंत मान वळवायची नाही. फ्लोरिडात वाइल्डवुडला टर्नपाइक हा टोलचा रस्ता लागतो, तिथून ऑरलँडो आलंच. गाडीत आम्ही सहा जण: मी, नवरा, नुकतीच दहा वर्षांची झालेली लेक, चार वर्षांचा धाकटा आणि सांगलीहून आलेले सासू-सासरे.

सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. सांगलीत त्यांची खानावळ होती. गुडघे कुरकुरायला लागल्यावर बंद केली, पण नजर अजून गल्ल्यावरचीच. कुठल्याही हॉटेलात शिरले की आधी टेबलं मोजणार, मग खरकटी भांडी कुठून आत जातात ते बघणार, मेनूकार्ड सगळ्यात शेवटी. सासूबाई, म्हणजे आई, पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. लेक काहीही खाते. धाकटा फक्त पांढरं आणि पिवळं खातो.

म्हणून मुक्काम डिस्नेच्या हॉटेलात न करता जवळच्या किसिमी गावात भाड्याचं घर घेतलं होतं. त्या भागात अशी घरं पैशाला पासरी आहेत, आणि स्वयंपाकघर असलं की सकाळचा चहा आणि रात्रीचा वरणभात हे दोन प्रश्न सुटतात. कुकर आम्ही अटलांटाहूनच नेला होता. वाटेत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. संध्याकाळी पोचल्यावर नवरा दूध, केळी, बटाटे घेऊन आला आणि आईंनी पंधरा मिनिटांत परक्या ओट्याचा ताबा घेतला.

बाहेर कुठे जेवायचं ते मात्र दोन महिने आधीच ठरलेलं. डिस्ने वर्ल्डमधल्या बसून जेवायच्या हॉटेलांची आगाऊ नोंदणी ६० दिवस आधी सुरू होते आणि ऑनलाइन टेबलं पहाटे सहाच्या सुमारास खुली होतात. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं एकदम धरता येतात. बाहेर राहणाऱ्यांना रोजच्या जेवणासाठी रोज पहाटे उठावं लागतं. सहा जणांचं टेबल मिळणं चौघांपेक्षा अवघड, हेही तेव्हा कळलं. हवं ते नाही मिळालं तरी हाय खायची नाही. बहुतेक ठिकाणी दोन तास आधीपर्यंत नोंदणी फुकट रद्द करता येते, त्यामुळे आदल्या रात्री नि त्या दिवशी सकाळी लोक टेबलं सोडतात. फोन हातात ठेवून बसायची तयारी हवी. न सांगता गेलाच नाहीत, तर माणशी दहा डॉलर जातात.

रविवार : मॅजिक किंगडम

सकाळी आठला शेफ मिकीजमध्ये नाश्ता. हे मॅजिक किंगडम पार्कात नाही, शेजारच्या कंटेम्पररी हॉटेलात आहे. हॉटेल १९७१ सालचं, पार्कच्या बरोबरीनं उघडलेलं, आणि त्याच्या पोटातून मोनोरेल आरपार जाते. धाकट्यानं डोक्यावरून गाडी गेलेली बघितली आणि त्याचं खाण्याकडचं उरलंसुरलं लक्षही उडालं.

बुफे आहे. मिकी, मिनी, डोनाल्ड, गुफी, प्लूटो एकेक करून टेबलाशी येतात, फोटो काढतात, पोरांच्या वहीत सही करतात. मधेच गाणं लागतं आणि अख्खं हॉटेल हातरुमाल गरगर फिरवतं. आईंनी आधी इकडेतिकडे पाहिलं, मग पदर खोचून त्याही फिरवायला लागल्या.

अण्णांचं लक्ष वेगळीकडे. दुसऱ्या कॉफीला मला म्हणाले, "सूनबाई, ही बाहुली माणसं हितं उगीच फिरत न्हाईत. प्रत्येकाचा फेरा ठरलेला हाय. शेवटचा येऊन गेला की माणूस आपसूक उठतंय. 'उठा, दुसरी पंगत बसायचीय' असं कुणाला सांगायला लागत न्हाई." खरं-खोटं डिस्नेला ठाऊक, पण त्यानंतर मीही बघितलं. प्लूटो येऊन गेलेली टेबलं पाच-दहा मिनिटांत रिकामी होत होती.

तिथं ३ ते ९ वयाला मुलांचा दर, दहापासून मोठ्यांचा. तीनच्या खालच्यांना बुफे फुकट. लेकीला दहा पूर्ण होऊन तीन आठवडे झाले होते. तिनं अर्धा वॉफल आणि चार स्ट्रॉबेऱ्या खाल्ल्या, आणि आम्ही तिचे मोठ्या माणसाचे पन्नासच्या वर डॉलर मोजले. अण्णांच्या खानावळीत बारा वर्षांपर्यंत अर्धं ताट असायचं. ते त्यांनी त्या दिवशी तीनदा सांगितलं.

आईंचं काय, ही माझी मोठी काळजी होती. नोंदणी करतानाच अंडं चालत नाही असं लिहून ठेवलं होतं. वाढणारी बाई टेबलाशी आली ती त्याच विषयावर बोलायला. बुफेवर काय घ्यायचं, काय नाही ते तिनं आईंना हात धरून दाखवलं आणि आतून अंडं-दूध नसलेले मिकीच्या तोंडाचे वॉफल वेगळे करून आणले. आईंना मिकीचे कान तोडणं जिवावर आलं. शेवटी धाकट्यानं तोडले.

एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे त्या दिवशी जे लक्षात आलं ते पुढे आठवडाभर खरं ठरलं. या पार्कात कुटुंब एकत्र येतं आणि फाटकातून आत शिरताच त्याच्या चिरफळ्या होतात. स्पेस माउंटनला ४४ इंच उंची लागते, धाकटा बसत नाही. आईंना अंधारातलं काही नको. अण्णांचे गुडघे. नवरा नि लेक एका रांगेत, मी धाकट्याला घेऊन दुसऱ्या, म्हातारे सावलीतल्या बाकावर. सहाच्या सहा जण एका जागी, एकमेकांकडे तोंड करून बसतात ते फक्त जेवायला. तिकिटाच्या पैशात राइड मिळतात. कुटुंब बघायचं असेल तर टेबल धरावं लागतं.

दुपारी टेबल-बिबल नाही, फोनवरून मागवलं. ॲपमध्ये पदार्थ निवडायचे, पैसे भरायचे, वेळ घ्यायची आणि हॉटेलाच्या दाराशी पोचल्यावर 'आलोय' असं बटण दाबायचं. मग आत बनवायला घेतात. "आधी पैसे, मग तवा," अण्णा म्हणाले. त्यांना हे फारच आवडलं. उधारी नाही, गल्ल्यावर गर्दी नाही.

मेनूत काही पदार्थांपुढे छोट्या पानाची खूण असते. त्याचा अर्थ मांस, अंडं, दूध, मध यातलं काही नाही. अंडं न खाणाऱ्यांसाठी हे मोठं सोयीचं, दर वेळी विचारत बसायला नको. बटाट्याच्या फिंगर चिप्सबद्दल मात्र विचारावं. काही ठिकाणी चिकनचं आणि त्यांचं तळण एकच असतं. विचारलं की सरळ सांगतात. पाण्याच्या बाटल्याही घेऊ नयेत. शीतपेयं मिळतात त्या काउंटरवर बर्फाचं पाणी कपातून फुकट देतात, हवं तितक्यांदा. फ्लोरिडाच्या उन्हात सहा जणांचा हिशेब केलात तर एका जेवणाचे पैसे वाचतात.

ॲडव्हेंचरलँडमध्ये अलोहा आयल नावाची खिडकी आहे, तिथं डोल व्हिप मिळतं. अननसाचं मऊ आइस्क्रीम, त्यात दूध नाही. आम्ही एक घेतलं, मग अजून तीन. त्याच रस्त्यावर लोक टर्कीच्या अख्ख्या तंगड्या हातात धरून खात चालले होते. आईंनी खुर्ची फिरवून झाडाकडे तोंड केलं आणि शांतपणे अननस संपवला.

सोमवार

पार्क नाही. घरामागचा पोहण्याचा तलाव, कपडे धुणं, म्हाताऱ्यांच्या पायांना तेल. दुपारी साउथ ऑरेंज ब्लॉसम ट्रेलवरच्या एका दाक्षिणात्य शाकाहारी हॉटेलात मसाला डोसा. ऑरलँडोत भारतीय खाणं भरपूर आहे, पार्कपासून गाडीनं अर्ध्या तासाच्या आत. अण्णा सांबार दोनदा मागून म्हणाले, "हितंच रोज येऊया की." लेकीनं डोळे वटारले.

मंगळवार : एपकॉट, आणि अंगारकी

ही अंगारकी पहाटेच्या नोंदण्या करताना कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. आईंनी अटलांटा सोडायच्या आदल्या दिवशी कॅलेंडर बघून जाहीर केलं. त्यांचा उपवास चंद्रोदयाला सुटतो आणि पंचांगाच्या ॲपनुसार किसिमीचा चंद्रोदय रात्री अकरा वाजून गेल्यावर. घड्याळं एक तास पुढे केलेली, त्यामुळे इथं चंद्रही उशिरा येतो.

सकाळी सहाला साबुदाण्याची खिचडी झाली. पार्कात बाहेरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बरणी, दारू आणि सुटा बर्फ चालत नाही. म्हणून लिंबाचं लोणचं काचेतून प्लॅस्टिकच्या डबीत गेलं. पिशव्या तपासणाऱ्या बाईनं डबा उघडून बघितला. लेकीनं तिला टॅपिओका, शेंगदाणे, जिरे असं सगळं समजावलं. तिनं झाकण लावून दिलं आणि म्हणाली की वास छान येतोय.

एपकॉट हे पार्क १९८२ चं. अर्ध्या भागात विज्ञान-बिज्ञान, अर्ध्या भागात तळ्याभोवती ११ देशांची दालनं. लँड नावाच्या दालनात एक संथ होडी काचघरांमधून फिरते, उंचीची अट नाही. टोमॅटोच्या वेली वर मांडवावर पसरलेल्या, मुळं हवेत लोंबतायत, त्यांवर खताचं पाणी फवारलं जातंय. अण्णा, आई आणि धाकटा, तिघंही सारखेच गप्प. इथला माल पार्कातल्या हॉटेलांत वापरतात असं होडीतला आवाज सांगत होता. बाहेर आल्यावर अण्णांनी पुन्हा रांग धरली. एवढ्या आठवड्यात त्यांनी दोनदा केलेली राइड ही एकच.

खाली सनशाइन सीझन्समध्ये बाकीचे जेवले, आईंनी डबा उघडला. कुणी हटकलं नाही.

मग देशांची प्रदक्षिणा, सव्वा मैलाच्या आसपास. अकरा वाजल्याशिवाय हा भाग उघडत नाही, त्यामुळे आपण पोचतो तेव्हा ऊन बरोबर डोक्यावर. मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत कायमची रात्र आहे, नदीकाठी दिवे लावून लोक जेवत बसलेले. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आई म्हणाल्या, "इथं उपवास लवकर सुटेल." नॉर्वेच्या बेकरीत स्कूल ब्रेड मिळतो, मधे कस्टर्ड भरलेला गोड पाव, वर भाजल्या खोबऱ्याचा कीस. लेक आणि मी अर्धा-अर्धा खाल्ला, आईंच्या समोर नाही. जपानमध्ये मात्र त्यांची चांदी झाली. काकिगोरी म्हणतात ते किसलेला बर्फ आणि रंगीत पाक, म्हणजे आपला बर्फाचा गोळाच, काडीऐवजी कपात. बर्फ आणि साखर उपवासाला चालतात, यावर घरातल्या कुणाचंच दुमत नव्हतं. इतकी वर्षं आमच्याकडे उपवासाच्या पदार्थांवर खल होतो, असा झटपट निकाल पहिल्यांदाच लागला.

संध्याकाळी सहाला व्हिया नापोलीत टेबल होतं, इटलीच्या दालनात. लाकडावर चालणाऱ्या तीन मोठ्या भट्ट्या, त्यांना ज्वालामुखींची नावं: एटना, व्हेसुव्हियस आणि स्ट्रॉम्बोली. प्रत्येक भट्टीला मिशाळ माणसाचा चेहरा आहे आणि पिझ्झा त्याच्या उघड्या तोंडातून आतबाहेर होतो. अण्णा टेबलावर बसलेच नाहीत. वीस मिनिटं त्या तोंडांसमोर हात मागे बांधून उभे. भट्टीवरच्या पोरानं पीठ हवेत फिरवलं की मान डोलवायचे. शेवटी त्या पोरानं त्यांच्याकडे बघून गोळा जरा जास्तच उंच उडवला.

आमची वाढपी इटलीहूनच कामाला आलेली मुलगी. आईंच्या पुढ्यात फक्त लिंबूपाणी बघून ती कासावीस झाली. काही आवडलं नाही का, दुसरं करून देऊ का? लेकीनं सांगितलं, आजी चंद्र दिसल्याशिवाय जेवत नाही. "आज किती वाजता उगवतो?" तिनं विचारलं. अकरानंतर. ती आत गेली आणि बिलाबरोबर एक छोटा खोका घेऊन आली. मार्गारिटाच्या उरलेल्या तीन तुकड्यांवर तिनं तुळशीची ताजी पानं ठेवली होती. तुळस कुठली का असेना, आईंनी आधी खोक्याला नमस्कार केला.

बिलात १८ टक्के टिप आधीच लावलेली. सहा किंवा जास्त माणसं असली की इथं ती आपोआप लागते, खाली पुन्हा टिपेची जागा असली तरी घाईत दुसऱ्यांदा भरू नये. त्या मुलीला आईंनी वर पाच डॉलर रोख दिले, ते वेगळं.

घरी पोचायला साडेदहा. कुकर लावला. सव्वाअकराच्या सुमारास शेजाऱ्याच्या छपरावरून चंद्र वर आला. गूळखोबऱ्याचा नैवेद्य, मागच्या अंगणात पोहण्याच्या तलावाशेजारी आरती, आवाज बेतानं. मग वरणभात, तूप, आणि ताटात एका बाजूला गार मार्गारिटाचा तुकडा. "चीज चांगलं आहे," आई म्हणाल्या, "पण हा पिझ्झा गरम असताना खायचा असतो, नाही का?"

बुधवार : ॲनिमल किंगडम

सकाळी सफारी. २०१७ ला उघडलेल्या पँडोरा या भागात नवरा नि लेक उडत्या राइडच्या रांगेत, आम्ही सातुली कँटीनमध्ये. तिथले वाडगे चांगले. खाली भात किंवा कोशिंबीर, वर काय हवं ते. आईंनी तळलेला तोफू घेतला आणि पनीर म्हणून खाल्ला. मी दुरुस्ती केली नाही.

पण बुधवारची खरी गोष्ट सना. हे जेवणाचं हॉटेल पार्काबाहेर ॲनिमल किंगडम लॉजच्या किदानी व्हिलेज या भागात आहे. आफ्रिकी स्वयंपाकात भारतीय चवी अशी त्यांची पद्धत. खिडक्या मोठ्या आणि त्यांच्यापलीकडे गवताळ रान, त्यात जिराफ, झेब्रे. टेबल धरताना एक गोष्ट पाळा: सूर्यास्ताच्या दीड तास आधीची वेळ घ्या. अंधार पडल्यावर खिडकीत फक्त स्वतःचंच तोंड दिसतं.

इथली नावाजलेली गोष्ट म्हणजे ब्रेड सर्व्हिस. पाच प्रकारच्या भाकऱ्या-रोट्या आणि नऊ वाट्या. नान साधा, लसूण-आल्याचा, मसाल्याचा, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा. वाट्यांमध्ये काकडीचं रायतं, कोथिंबिरीची चटणी, चिंचेची चटणी, आंब्याची चटणी, टोमॅटो-खजुराचा मुरंबा, भाजल्या लाल मिरचीचा हमस, लसणाचं लोणचं, लिंबू-हॅलापिन्योचं लोणचं आणि लाल संबल. दोन ब्रेड सर्व्हिस मागवल्या आणि टेबलावर हात ठेवायला जागा राहिली नाही.

अण्णांनी नानाचा तुकडा मोडून खालची बाजू बघितली. "तंदूर हाय आत," म्हणाले. मग वाट्यांची परीक्षा, डावीकडून सुरुवात. कोथिंबिरीच्या चटणीत मिरची घाबरून टाकलीय. चिंच बरी. खजुराचा मुरंबा त्यांनी दोनदा चाखला आणि मत दिलं नाही, म्हणजे आवडला. संबलशी मात्र थबकले, पाणी प्याले आणि वाटी स्वतःच्या पुढ्यात ओढून घेतली. आईंचं जेवण त्या नऊ वाट्यांवरच झालं, दुसरं काही मागवावं लागलं नाही. धाकट्यानं साधा नान आणि रायतं खाल्लं. पांढरं!

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि अख्खं हॉटेल खिडकीशी. जिराफ दहा-पंधरा हातांवर उभा राहून झाडाचा पाला ओढत होता. त्याची लांब काळपट जीभ फांदीभोवती वेटोळं घालून सगळी पानं एका ओढीत सोलून काढायची. वाढपीही ताटं हातात धरून थांबले. असं रोज होतं, आमच्या वाढप्यानं सांगितलं, त्यामुळे जिराफ आला की आतल्यांनाही गरम पदार्थ जरा थांबवावे लागतात. अण्णांना हे ऐकून खानावळवाल्याची हळहळ वाटली.

मागाहून भल्यामोठ्या शिंगांच्या अंकोले गाई आल्या. जेवण झाल्यावर बाहेर कठड्याशी प्राण्यांची माहिती सांगणारा एक तरुण उभा होता. अण्णांनी मला भाषांतराला पुढे केलं. "विचार, दूध किती देतीय?" इथं काढत नाहीत, तो म्हणाला. "एवढी जनावरं, आणि दूध काढत न्हाईत?" त्या पोरानं मग शिंगं आतून पोकळ असतात, उष्णता बाहेर टाकायला मदत करतात, असं बरंच सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, पण दुधाचा मुद्दा त्यांच्या मते निकाली निघालेला नव्हता.

गुरुवार : हॉलिवूड स्टुडिओज

राइडचं सांगत नाही, रांगा लांब होत्या एवढंच. दुपारी फिफ्टीज प्राइम टाइम कॅफे. आतमध्ये १९५० च्या दशकातल्या अमेरिकी घराची स्वयंपाकघरं थाटलीयत, टेबलापाशी जुने टीव्ही, आणि वाढणाऱ्या बाया घरातल्या आई-मावशीचं सोंग घेतात. टेबलावर कोपर ठेवलंत तर दटावतात, भाजी टाकलीत तर उठू देत नाहीत.

आमच्या वाट्याला आलेली 'मावशी' धाकट्याकडे वळली: ती हिरवी फरसबी कोण खाणार? धाकटा माझ्यामागे. तिनं काटा उचलला, विमानाचा आवाज केला. आईंना इंग्रजी फारसं येत नाही, पण हा प्रकार त्यांना शब्दाविना कळला. त्यांनी दुसऱ्या बाजूनं दुसरा काटा उचलला. "हा घास चिऊचा." इकडून विमान, तिकडून चिऊ, मधे चार वर्षांचा पोरगा. त्यानं चार फरसब्या खाल्ल्या. घरी आजवर एक खाल्लेली नाही.

लेकीनं पीनट बटर आणि जॅमचा मिल्कशेक घेतला, तो त्यांचा प्रसिद्ध. एवढा दाट की चमच्यानं खावा लागतो. तिचं कोपर टेबलावर होतं, त्याबद्दल तिला मावशीकडून शिक्षा झाली: रिकामी ताटं गोळा करायची. अण्णांनी नातीला ताटं एकात एक कशी रचायची, चमचे वर कसे ठेवायचे ते दाखवलं. मावशी बघत उभी राहिली. तिनं अण्णांना नोकरी देऊ केली आणि अण्णांनी पगार विचारला.

शुक्रवार

उरलेल्या भातात बेसन, कांदा, कोथिंबीर घालून सकाळी थालीपिठं. निम्मी खाल्ली, निम्मी बांधून घेतली. घराची किल्ली पेटीत टाकून दहाला निघालो. फ्लोरिडा संपून जॉर्जिया लागल्यावर एका विश्रांतिस्थळी थांबलो. झाडाखाली लाकडी टेबलं, एकच रिकामं. आई डबे काढायला लागल्या, तोवर अण्णा टेबलाशी उभेच.

"बसा की," नवरा म्हणाला.

"बुकिंग कुणाच्या नावावर हाय?"

लेकीनं त्यांना हाताला धरून बसवलं, थालीपिठं आणि दही वाढलं, आणि दहा वर्षांवरच्यांना मोठ्याचं ताट मिळतं म्हणून स्वतः दोन जास्तीची घेतली. पुढे मेकनच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, तिथं पाऊण तास गेला.